काळ्याच्या डब्यातलं निळं

तांडापेठेत आमचं दुकान,
म्हणजे घराचीच पुढची खोली.
मशीनच्या डोक्यावर साठचा बल्ब लोंबायचा.
वायर लांब ठेवलेली, कारण नजर आखूड.
मे महिन्यात तो कपाळाला भिडायचा
उलथ्या तव्यासारखा.
बाहेर शेहेचाळीस; आतलं कुणी मोजलं?
कूलर दाराशी घरघरत राही
आणि घाम पुसायचा तो मनगटानं,
गिऱ्हाइकाच्या साडीवर पडायच्या आत.

हेडाऊंच्या सुलभाची साडी मी अशाच रात्री पिको केली.
सीमंतपूजनाची, गर्द निळी.
निळ्याच्या डब्यातलं रीळ घेतलं,
बल्बापाशी धरून पाहिलं,
निळंच होतं.
सकाळी मांडवात, उन्हात,
काठभर काळा दोरा.
तिची आई उंबऱ्यात उभी राहून एवढंच म्हणाली,
लग्नात काळं, बाई?
नऊ वर्षं झाली.
त्या घरची एक चिंधी माझ्याकडे आली नाही.

यंदा होळीच्या सुमारास बल्ब गेला.
टिंग, आणि काचेत काळा डाग.
कोपऱ्यावर निखाऱ्यांचा नंदू बसतो.
म्हणे, वहिनी, हा नऊचा नेऊन तर पाहा, काहून भिता?
आडनाव निखारे
अन् पोरगा थंड उजेड विकून राहिला!
शंभराची नोट मोडली.
चार दिवस खोक्यातच ठेवला,
खोट्या दागिन्यासारखा वाटायचा.

लावला, तर आधी दिसलं काय?
जाळी. भिंतीची ओल.
आरशातले माझे केस, ज्यांना मी
दोन-चारच समजत होते.
पिवळा उजेड माणूस सांभाळून घ्यायचा.
हा नाही घेत.
पण बोट लावलं तर बोट लावू देतो.
कपाळ कपाळाच्या जागी राहतं.

हे कोराडीला, राखेच्या लाइनवर, ठेकेदाराकडे.
येतात तेव्हा कानामागे करडी रेघ,
साबणाला न जुमानणारी.
जेवताना बोलायची सवय नाही.
त्या रात्री वर पाहून म्हणाले,
तुझा तो साठचा
रोज पावशेर कोळसा खायचा.
पावशेर?
मी पावशेर तेल आणते, पावशेर चहापत्ती.
कोळसा कधी तोलला नव्हता.
अन् हा?
त्यांनी ताटाजवळचं लिंबू उचललं,
तळहातावर ठेवलं.
एवढा.

मग मी हिशेब करत बसले.
साठचा तीन रात्रींत एक युनिट संपवायचा,
हा अठरा रात्री पुरवतो.
त्यांच्या कानामागची रेघ मात्र
दुसऱ्या दिवशी तेवढीच होती.
एका लिंबानं धुराडं थोडंच हलतं.
लाइन गेली की साठ काय अन् नऊ काय,
मेणबत्तीच शोधायची.
तरी रात्री ओट्यावर बसून मोजल्या,
गल्लीत सतरा खिडक्या पांढऱ्या.
सतरा पावशेर म्हणजे सव्वाचार किलो,
एवढं शाळेत शिकले होते.

काल बिस्किटांचे दोन्ही डबे ओतले,
निळ्याचा आणि काळ्याचा.
निळ्यात तीन रिळं ठार काळी.
त्यातलं एक अर्धं संपलेलं.
आणि काळ्याच्या तळाशी,
कागदही न सुटलेलं,
गर्द निळं. अगदी तेच.
नऊ वर्षं काळ्यांत काळं होऊन बसलेलं.
हातात घेऊन बसले होते
तर हे म्हणाले, काय पाहून राहिली?
म्हटलं, काही नाही.

सुलभा आता भंडाऱ्याला असते म्हणतात.
साडी ठेवली असेल का, की देऊन टाकली?
कुणी त्या बाजूला जाणार असेल तर सांगा,
आणून दे म्हणावं.
रात्रीतून उसवते, नवी पिको करून देते.
पैसे नकोत.
बिल तसंही कमी आलंय.